अंगण वाकडं असलं तरी

सकाळी नऊला दुकानाचं शटर वर गेलं की पहिले चार-पाच जण रोजचेच असतात. त्यांची प्रिस्क्रिप्शनं आमच्याकडे आधीपासून असतात. मी आतल्या कपाटाचं कुलूप काढते, हिरव्या रंगाचं मेथाडोन, म्हणजे हेरॉइनचं व्यसन असलेल्यांना त्याऐवजी दिलं जाणारं औषध, मोजून छोट्याशा प्लॅस्टिकच्या कपात ओतते आणि समोरच्या माणसाने ते माझ्यादेखत पिऊन टाकायचं असतं. मग मी त्याला घोटभर पाणी देते आणि दोन शब्द बोलतं करते. काल मॅच बघितलीस का, पाऊस थांबला का, आईचा गुडघा कसा आहे. त्या बोलण्यात आपुलकी असतेच, पण औषध तोंडात धरून बाहेर नेलं जात नाही ना, याची खातरजमाही त्यातच होते. मिरजेत बी.फार्म. करताना यातलं काहीच मला माहीत नव्हतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या पूर्व भागातल्या या काउंटरमागे उभी राहून शिकले.

आणखी एक नियम इथेच शिकले. माणूस सलग तीन दिवस आला नाही, तर चौथ्या दिवशी त्याला नेहमीचा डोस द्यायचा नाही. शरीराची सवय तेवढ्यात मोडलेली असते आणि परवापर्यंत झेपणारं औषधच जीव घेऊ शकतं. म्हणून आधी उपचार केंद्राला फोन करायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी असा एक फोन मी केला. पलीकडची बाई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, त्याचं प्रिस्क्रिप्शन आता बंद करायला हवं. चाळिशी नुकती ओलांडलेला माणूस. निवासी व्यसनमुक्ती केंद्रात खाट मिळावी म्हणून त्याने नाव लावलं होतं. किती महिने झाले, ते त्याने माझ्यासमोर बोटांवर मोजून दाखवलं होतं. दुसऱ्या हाताचीही बोटं लागली होती.

पुढे जे लिहिणार आहे ते संसद, मंत्री आणि अधिकारांच्या वाटणीबद्दल आहे. पण त्यातल्या प्रत्येक आकड्यापाशी मला ती बोटं दिसतात, म्हणून आधी ती सांगितली.

स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. मुंबईच्या निम्मीही नाही. एवढ्याशा देशात अमली पदार्थांच्या गैरवापराने २०१३ साली ५२७ माणसं गेली. २०१५ साली ७०६. २०१८ साली १,१८७. २०२० साली १,३३९. यातली फार थोडी केवळ हेरॉइनमुळे गेली. बहुतेकांच्या शरीरात दोन-तीन गोष्टी एकत्र सापडल्या: हेरॉइन, कधी मेथाडोन, आणि रस्त्यावर काही पेन्सांना मिळणाऱ्या बनावट व्हॅलियमच्या, म्हणजे मन शांत करणाऱ्या औषधाच्या, गोळ्या. या गोळ्यांत नेमकं काय आणि किती आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मृत्यू कुणाच्या वाट्याला येतो हेही स्पष्ट आहे. सर्वांत गरीब वस्त्यांमधल्या माणसाला हा धोका सर्वांत सधन वस्तीतल्या माणसाच्या पंधरा पटींहून जास्त असल्याचं २०२३ च्या आकडेवारीत दिसलं.

याचा जाब कुणाला विचारायचा?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते आणि त्या गुंत्यात बऱ्याच जणांना आडोसा मिळतो. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या लोकांनी स्वतःची संसद हवी असा कौल दिला. १९९८ मध्ये लंडनच्या संसदेने तसा कायदा केला आणि १९९९ मध्ये राजधानी एडिंबऱ्यात १२९ सदस्यांची संसद बसली. त्या कायद्याची रचना आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे केंद्राची यादी, राज्याची यादी, समवर्ती यादी, आणि कुठल्याच यादीत नसलेला विषय केंद्राचा. इथे फक्त लंडनने स्वतःकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी आहे. जे त्यात नाही ते आपोआप एडिंबऱ्याचं. म्हणजे आरोग्य एडिंबऱ्याचं, शिक्षण, पोलीस, न्यायालयं, घरं, समाजकल्याणातला मोठा भाग, सगळं एडिंबऱ्याचं. संरक्षण, परराष्ट्र, इमिग्रेशन लंडनचं. आणि त्या राखीव यादीत १९७१ चा अमली पदार्थांचा कायदाही आहे.

म्हणजे माझ्या काउंटरवर उभा असलेला माणूस दोन सरकारांमध्ये वाटला गेला आहे. त्याच्या खिशातली पुडी लंडनच्या अखत्यारीत येते. त्याचं मेथाडोन, त्याचा डॉक्टर, त्याची खाट, त्याचं घर, त्याच्यावर खटला भरायचा की नाही हा निर्णय, हे सगळं एडिंबऱ्याच्या अखत्यारीत येतं.

वर्षानुवर्षं एडिंबऱ्यातून एक उत्तर ऐकू येत राहिलं: कायदाच आमच्या हातात नाही. ज्यांना स्कॉटलंड स्वतंत्र व्हावा असं वाटतं, त्यांना हे उत्तर पटकन पटतं. ज्यांना तसं वाटत नाही, त्यांच्या अंगाची ते ऐकून आग होते. आणि मग चर्चा त्या माणसावरून उठते आणि स्वातंत्र्यावर जाऊन बसते. मी इथे चौदा वर्षं राहते आहे. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर माझं मत आहे, पण या लेखासाठी ते बाजूला ठेवते, कारण माझं म्हणणं नेमकं तेच आहे. ज्या सरकारकडे मर्यादित अधिकार आहेत, त्याच्यासमोर बसलेल्या लोकप्रतिनिधीचं पहिलं काम म्हणजे हातातलं आणि हाताबाहेरचं यांची स्वच्छ फोड करणं, आणि जे हातातलं आहे त्याचा हिशेब इतक्या बारकाईने मागणं की हाताबाहेरच्याकडे बोट दाखवायला जागाच उरू नये. हे काम स्वातंत्र्य हवं असणाऱ्या सदस्याचंही आहे आणि नको असणाऱ्याचंही.

आपल्याकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. पण इथे अंगण खरोखरच वाकडं आहे, हे आधी प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा आजच्या प्रश्नाला अपुरा पडतो, हे अनेक डॉक्टर सांगतात आणि मलाही पटतं. ऐंशीच्या दशकात जहाजबांधणी, पोलाद आणि खाणी बंद होत गेल्या. त्यातून ग्लासगो, डंडीसारख्या शहरांत जी बेकारी आली, ती एडिंबऱ्याच्या संसदेने आणली नव्हती. ती संसद तेव्हा अस्तित्वातच नव्हती. आजही तिच्या पैशाचा मोठा भाग लंडनहून ठरलेल्या सूत्राने येतो.

तरीही एक प्रश्न उरतो. १९७१ चा कायदा फक्त स्कॉटलंडला लागू नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूललाही तोच लागू आहे आणि न्यूकॅसललाही. तिथेही कारखाने बंद पडले, तिथेही गरिबी आहे. पण २०२० मध्ये स्कॉटलंडमधलं लोकसंख्येच्या तुलनेतलं मृत्यूचं प्रमाण संपूर्ण ब्रिटनच्या साडेतीन पटींहून अधिक होतं. मोजण्याच्या पद्धतीत थोडा फरक धरला तरी एवढी दरी भरून निघत नाही. कायदा सारखा आणि मरणं इतकी वेगळी, तर फरक कायद्याबाहेर कुठेतरी आहे. त्यातला काही भाग इतिहासाचा असेल. काही भाग उपचारांचा आहे, आणि उपचार एडिंबऱ्याचे आहेत.

आता पैशाकडे बघू. इथे व्यसनमुक्तीचं काम जिल्ह्याजिल्ह्यातल्या भागीदारी मंडळांमार्फत चालतं. आरोग्य मंडळ, पालिका, पोलीस, सेवाभावी संस्था एकत्र बसतात आणि सरकारचा निधी वाटतात. २०१५-१६ मध्ये हा निधी सुमारे ६ कोटी ९० लाख पौंड होता. २०१६-१७ मध्ये तो सुमारे ५ कोटी ४० लाखांवर आला. उरलेले पैसे आरोग्य मंडळांनी आपल्या तिजोरीतून भरून काढावेत, अशी सरकारची अपेक्षा होती. आधीच तंगीत असलेल्या मंडळांकडून सगळीकडे ते झालं नाही. हा निर्णय लंडनचा नव्हता. १९७१ च्या कायद्याशी त्याचा काही संबंध नव्हता. अंदाजपत्रक एडिंबऱ्यात मांडलं गेलं आणि एडिंबऱ्यातच मंजूर झालं. त्याच काळात मृतांचा आकडा दर वर्षी चढत होता, आणि तो आकडा मंत्र्यांच्या टेबलावर होता.

अशा वेळी लोकप्रतिनिधी काय करतो, यावर खरोखर माणसं जगतात-मरतात. विरोधी बाकांवरून त्या कपातीबद्दल प्रश्न विचारले गेले, हे खरं. लेबर पक्षाचे नील फिंडले आणि मोनिका लेनन यांनी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करा, अशी मागणी लावून धरली होती. २०१९ मध्ये लंडनच्या संसदेच्या स्कॉटिश व्यवहार समितीनेही तेच सुचवलं. सरकारने त्या वर्षी एक कृतिदल नेमलं. पण २०१९ सालचे आकडे यायला १५ डिसेंबर २०२० उजाडला. तेव्हा कळलं की १,२६४ माणसं गेली. तीन दिवसांत सार्वजनिक आरोग्यमंत्री जो फिट्झपॅट्रिक पायउतार झाले. त्याच वेळी अँजेला कॉन्स्टन्स केवळ अमली पदार्थांच्या धोरणाच्या मंत्री म्हणून आल्या, थेट प्रथममंत्र्यांना, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांना, उत्तरदायी. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या प्रथममंत्री निकोला स्टर्जन यांनी पाच वर्षांसाठी २५ कोटी पौंड जाहीर केले, त्यातले १० कोटी निवासी उपचारांसाठी. त्याच एप्रिलमध्ये निवडणुकीच्या प्रचारात त्यांनी कबूल केलं की या प्रश्नावरून आपल्या सरकारचं लक्ष ढळलं होतं.

ही कबुली मला महत्त्वाची वाटते आणि ती देणाऱ्या बाईंबद्दल मला आदरही आहे. सत्तेतली माणसं असं सहसा बोलत नाहीत. पण ती कबुली कायद्याबद्दल नव्हती. लक्ष देणं न देणं पूर्णपणे आपल्या हातातलं असतं. आणि डिसेंबर २०२० मध्ये जो मंत्री नेमला गेला, जानेवारी २०२१ मध्ये जो पैसा उभा राहिला, ते सगळं जुन्याच अधिकारांत झालं. मधल्या काळात लंडनने अमली पदार्थांबाबत एकही नवा अधिकार दिला नव्हता. मग २०१६ मध्येच का झालं नाही?

दुसरं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. २०१५ मध्ये ग्लासगोत इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची साथ आली. गल्लीबोळांत, कचऱ्याच्या डब्यांमागे एकमेकांच्या सुया वापरल्या जात होत्या. २०१६ पासून शहरातल्या आरोग्य आणि पालिका अधिकाऱ्यांनी देखरेखीखालचं केंद्र उघडण्याचा प्रस्ताव मांडला: माणूस आपलं ड्रग घेऊन येईल, स्वच्छ सुई मिळेल, नर्स जवळ असेल, श्वास अडकला तर लगेच नालॉक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या ड्रगचा असर उलटवणारं औषध, देता येईल. २०१७ मध्ये स्कॉटलंडचे सर्वोच्च सरकारी वकील, म्हणजे लॉर्ड अ‍ॅडव्होकेट, यांनी सांगितलं की केंद्र चालवणाऱ्यांना कायद्यातून सूट देणं आपल्या कक्षेत बसत नाही. लंडनच्या गृहखात्याने कायदा बदलायला नकार दिला. झालं, फाइल अडकली. लंडन म्हणालं नाही, एडिंबरा म्हणालं बघा लंडन नाही म्हणतंय. २०२० च्या सप्टेंबरात पीटर क्रायकंट नावाच्या कार्यकर्त्याने एका जुन्या व्हॅनमध्ये स्वतःच असं केंद्र सुरू केलं, अटकेची जोखीम पत्करून. स्वतः त्या नरकातून गेलेला माणूस होता. २०२५ च्या जूनमध्ये तोही गेला.

सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या लॉर्ड अ‍ॅडव्होकेट डोरोथी बेन यांनी प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. केंद्र चालवणाऱ्यांना सूट द्यायची की नाही हा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. केंद्रात येणाऱ्या माणसावर थोडंसं ड्रग बाळगल्याबद्दल खटला भरणं जनहिताचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. खटला भरणं न भरणं हा अधिकार पहिल्यापासून स्कॉटलंडकडेच होता. जानेवारी २०२५ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागात ब्रिटनमधलं असं पहिलं अधिकृत केंद्र उघडलं. नाव थिसल. १९७१ च्या कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता.

सरकारी वकील स्वतंत्र असतात, त्यांना मंत्री हुकूम सोडू शकत नाही, आणि सोडूही नये. दोन वेळचे प्रश्नही हुबेहूब एक नव्हते. हे मान्य करूनही मी विचारते: त्या सहा वर्षांत संसदेतल्या १२९ जणांपैकी किती जणांनी चिकाटीने हा प्रश्न लावून धरला की केंद्र चालवणाऱ्याला सूट मिळत नसेल, तर येणाऱ्याला मिळू शकते का? एक वाट बंद आहे हे ऐकल्यावर दुसरी वाट कोणती, हे विचारणं लोकप्रतिनिधीचं काम आहे. हाताबाहेरचं म्हणून जे दाखवलं गेलं, त्यातला निदान एक दरवाजा हातातलाच निघाला.

यात दोष फक्त सत्ताधाऱ्यांचा नाही. मी एकदा सुट्टीच्या दिवशी एडिंबऱ्याला जाऊन प्रेक्षक सज्जात बसले होते. गुरुवारी दुपारी बाराला प्रथममंत्र्यांना प्रश्न विचारले जातात. सज्जात जायला पैसे लागत नाहीत, आधी नाव नोंदवलं की झालं. अर्धवर्तुळात मांडलेली लाकडी बाकं, वर लाकूड आणि पोलादाची प्रचंड गुंफण, समोर संसदेचा राजदंड. त्या दंडावर चार शब्द कोरलेले आहेत: शहाणपण, न्याय, करुणा, सचोटी. सगळं बघून छाती भरून येते. मग प्रश्न सुरू झाले. विरोधी नेत्याने जे बोललं ते भाषण होतं; शेवटी प्रश्नचिन्ह लावलेलं, इतकंच. उत्तर आलं तेही भाषणच होतं, आणि त्याच्या शेवटच्या वाक्यात लंडनमधलं विरोधकांचं सरकार होतं. मग सत्ताधारी बाकावरून एक सदस्य उठले आणि म्हणाले, प्रथममंत्री माझ्याशी सहमत होतील का, की आपल्या सरकारने केलेली गुंतवणूक स्वागतार्ह आहे? प्रथममंत्री अर्थातच सहमत झाले. माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा बसला होता, वहीत टिपणं घेत होता. त्या उत्तरापाशी त्याने पेन खाली ठेवलं.

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सदस्यांनी मृतांचे आकडे एडिंबऱ्याच्या तोंडावर फेकले, पण लंडनमध्ये त्यांच्याच पक्षाचं गृहखातं ग्लासगोच्या केंद्राला नकार देत होतं, तेव्हा त्यातले बरेचसे गप्प बसले. स्वातंत्र्यवादी आणि सत्ताधारी असलेल्या स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या सदस्यांना त्यांच्याच मतदारसंघातल्या भागीदारी मंडळाचा निधी कापला गेल्याचं दिसत होतं. त्यातल्या किती जणांनी जाहीरपणे आपल्या मंत्र्याला धारेवर धरलं? पक्षाची शिस्त समजते. पण मतदाराने माणूस निवडून पाठवलेला असतो, आणि एकाच सभागृहाच्या संसदेत वर दुसरं सभागृह नसतं जे चूक पकडेल. जी काही तपासणी होणार ती याच लोकांकडून.

असं करता येतं, याचा पुरावा याच संसदेत आहे. मोनिका लेनन विरोधी पक्षात होत्या. मासिक पाळीसाठी लागणारी साधनं प्रत्येकीला मोफत मिळावीत म्हणून त्यांनी स्वतःचं विधेयक आणलं. सरकार सुरुवातीला राजी नव्हतं. त्यांनी आकडे गोळा केले, शाळांतल्या मुलींना बोलतं केलं, समितीपुढे साक्षी घडवून आणल्या. २४ नोव्हेंबर २०२० रोजी विधेयक एकमताने मंजूर झालं, आणि असा कायदा करणारा स्कॉटलंड जगातला पहिला देश ठरला. त्यांनी लंडनकडे बोट दाखवलं असतं तर दाखवता आलं असतं. सॅनिटरी पॅडवरचा कर तेव्हा लंडनच्याच हातात होता. त्यांनी जे आपल्या संसदेच्या हातात होतं तेवढंच धरलं आणि तडीस नेलं.

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे डग्लस रॉस यांचं विधेयक यापेक्षा वादग्रस्त होतं. व्यसनाचं निदान झालेल्या प्रत्येकाला ठरलेल्या मुदतीत उपचार मिळण्याचा कायदेशीर हक्क असावा, असं त्यात म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्याच टप्प्यावर ते नामंजूर झालं. त्यातल्या काही गोष्टी मलाही खटकल्या होत्या. व्यसन पूर्ण सोडणं हेच एकमेव ध्येय धरलं, तर माझ्याकडे रोज मेथाडोन घेऊन कामावर जाणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसाला आपण अपयशी ठरवतो, आणि तो अपयशी नाही. पण मुदतीचा मुद्दा मला पटला होता. विधेयक पडलं म्हणून मुदतीचा प्रश्न पडत नाही. तो त्या दुसऱ्या हाताच्या बोटांचा प्रश्न आहे.

चांगला प्रश्न कसा असतो? माझ्या मते तो लहान असतो. त्यात एक जागा असते, एक तारीख असते, एक आकडा असतो, आणि तो परत विचारता येतो. 'सरकार या शोकांतिकेबद्दल काय करत आहे?' या प्रश्नाला मंत्री वीस मिनिटं उत्तर देऊ शकतो. 'या आरोग्य मंडळात १ मार्चला खाटेसाठी किती जण थांबले होते, आणि त्यातला सर्वांत जुना अर्ज किती दिवसांचा होता?' या प्रश्नाला फक्त दोन आकडे हे उत्तर असतं, किंवा आकडे नाहीत ही कबुली. दोन्हीपैकी काहीही आलं तरी पुढचा प्रश्न तयार होतो. मंत्र्याला अशा प्रश्नात लंडनला बोलवायला जागा नसते. पूर्वी मृत्यूंचे आकडे वर्षातून एकदा, तेही उशिरा यायचे. आता पोलिसांकडच्या संशयित मृत्यूंची आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध होते. हा बदल २०२१ मध्ये झाला. त्या आधीच्या डिसेंबरात मंत्र्याला जावं लागलं नसतं, तर तो इतक्या लवकर झाला असता असं मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, एवढा जाब विचारून काय मिळालं? घाईची घाई झाली. कृतिदलाच्या अध्यक्षा आणि उपाध्यक्ष यांनी डिसेंबर २०२१ मध्ये राजीनामे दिले. सरकारला वेग हवा होता आणि टिकाऊ कामाला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हा आक्षेप गंभीर आहे. वर्षानुवर्षं दुर्लक्ष करायचं आणि मग बोभाटा झाला की सहा महिन्यांत सगळं करून दाखवायचं, हेही बेजबाबदारच. पण त्यावर उपाय कमी जाब विचारणं हा नाही. जो प्रश्न २०१६ मध्ये दर महिन्याला शांतपणे विचारला गेला असता, तो २०२० मध्ये किंचाळून विचारावा लागला नसता.

२०२४ मध्ये १,०१७ माणसं गेली. आधीच्या वर्षीच्या १,१७२ पेक्षा कमी, आणि २०१७ नंतरचा सर्वांत कमी आकडा. मला याचा आनंद आहे. ज्यांनी यासाठी राबून काम केलं, त्या नर्स, ते सेवाभावी कार्यकर्ते, नालॉक्सोनचं किट खिशात घेऊन फिरणारी सामान्य माणसं, त्यांचं हे श्रेय आहे, आणि सरकारचंही आहे. पण १,०१७ हा आकडा २०१३ च्या जवळपास दुप्पट आहे. आणि आता बाजारात नायटाझीन नावाची कृत्रिम ओपिऑइडं, म्हणजे हेरॉइनच्या जातीची ड्रग्ज, आली आहेत. हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल, अगदी कणभर चुकली तरी श्वास थांबवणारी. आकडा एक वर्ष खाली आला म्हणून प्रश्न विचारणं थांबलं, तर २०१६ परत यायला वेळ लागणार नाही.

फोनवर आईला मी हे सगळं सांगते तेव्हा ती म्हणते, 'म्हणजे आपल्यासारखंच की गं.' तिचं म्हणणं पुरतं बरोबर नाही आणि पुरतं चूकही नाही. सार्वजनिक आरोग्य आपल्याकडे राज्याचा विषय आहे, सातव्या अनुसूचीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, असं विचारलं की 'वरून निधी आलेला नाही' हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. विधानसभेत तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. हत्यारं उत्तम आहेत. पण अधिवेशनाचे दिवस थोडे, गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो, आणि जे उत्तर छापून येतं त्यात बरेचदा एकच ओळ असते: माहिती घेण्यात येत आहे. ती ओळ वाचून गप्प बसायचं की पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न तारखेसकट परत टाकायचा, यावर आमदाराची पारख व्हायला हवी. मिरजेच्या माणसाला हे ग्लासगोहून कुणी शिकवायची गरज नाही. त्याने ते केव्हाच ओळखलेलं आहे. मत देताना त्याच्यासमोर इतर दहा गोष्टी असतात, एवढंच.

इथे प्रत्येक माणसाचे आठ सदस्य असतात: एक मतदारसंघाचा आणि सात त्या विभागाचे. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा ते एखाद्या वाचनालयात किंवा वस्तीच्या सभागृहात लोकांना भेटायला बसतात. त्या भेटीला इथे सर्जरी म्हणतात. फेब्रुवारीत मी अशाच एका सर्जरीला गेले. माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांच्या जिन्यात ओल आली होती. माझा नंबर आला तेव्हा मी कागदावर लिहून नेलेला प्रश्न पुढे ठेवला. आपल्या आरोग्य मंडळात निवासी उपचारांसाठी आज किती जण थांबलेले आहेत, सर्वांत जास्त दिवस थांबलेला माणूस किती दिवस थांबलेला आहे, आणि मागच्या एका वर्षात थांबलेले असतानाच किती जण वारले? सदस्याने कागद दोनदा वाचला. कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. त्यांनी तो जवळपास जसाच्या तसा लेखी प्रश्न म्हणून दाखल केला.

नियमाप्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायचं असतं. आलं. पहिल्या दोन भागांचं उत्तर होतं की ही माहिती सरकार मध्यवर्ती पातळीवर ठेवत नाही. तिसऱ्या भागाचं उत्तर होतं की वरील उत्तर पाहावं.

मी परत गेले. या वेळी जिन्यातल्या ओलीचे आजोबा नव्हते, बहुधा काम झालं असावं. सदस्य म्हणाले, 'आता विचारू की ही माहिती का ठेवली जात नाही, ती ठेवायचा अधिकार कुणाचा आहे, आणि कोणत्या तारखेपासून ठेवणार.' त्यांनी ते माझ्यासमोरच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करण्याआधी मी काउंटरमागच्या कॅलेंडरवर दहा कामकाजाचे दिवस मोजले, आणि अकराव्या दिवसाभोवती गोल काढला.